'कोंबडी पळाली' ते 'चिकनी चमेली' : गाण्याची चाल नेमकी कुणाची? भजनाचा व्हिडिओ टाकण्याआधी हे वाचा

बीड : हरिनाम सप्त्यातली रात्र. कीर्तन आटोपलंय, जागराला भजनी मंडळ बसलंय. पेटीवाल्यानं सूर धरला आणि गवळण सुरू झाली. शब्द कृष्णाचे, पण चाल जुन्या हिंदी सिनेमातली. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, पोरांनी मोबाईल वर धरले. सकाळी व्हिडिओ यूट्यूबवर. दुपारपर्यंत चॅनलवर मेसेज : 'कॉपीराइट दावा'.

पोरगं चक्रावून जातं. म्हणणारे आपल्याच गावचे, पेटी आपली, पखवाज आपला, देव तर सगळ्यांचा. मग हक्क सांगणारा हा कोण?

सप्ता असो, जयंतीची मिरवणूक असो की निवडणुकीची प्रचारगाडी, आपल्याकडं नवे शब्द जुन्या चालीवर बसवायची पद्धत फार जुनी आहे. आजवर कुणी कुणाला विचारलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. गाणं मोबाईलवर आलं आणि प्रश्न उभा राहिला. म्हणून चाल कशी फिरते, उसनी चाल कधी चालते आणि कधी अंगलट येते, हे नीट समजून घेतलेलं बरं.

कोंबडी मराठी, चमेली हिंदी

२००६ साली 'जत्रा' सिनेमा आला. त्यातलं 'कोंबडी पळाली' माहीत नाही असं गाव सापडायचं नाही. संगीत अजय-अतुल यांचं, शब्द जितेंद्र जोशी यांचे, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचा. सहा वर्षांनी, २०१२ ला 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' आलं. शब्द हिंदी, गळा श्रेया घोषालचा, पण चाल तीच. संगीतकारही तेच, अजय-अतुल. 'सैराट'मधलं 'झिंगाट' (२०१६) असंच दोन वर्षांनी 'धडक'मध्ये हिंदीत गेलं.

ही झाली स्वतःची चाल स्वतःच पुन्हा वापरल्याची गोष्ट. पण बहुतेक वेळा चाल एकाची असते आणि गाणं दुसऱ्याचं होतं. कधी ती चाल शेजारच्या राज्यातून येते, कधी साता समुद्रापलीकडून, तर कधी आपल्याच आजीच्या जात्यावरून.

चाल बसते कशी? घरच्या घरी करून बघा

यासाठी गाण्याचा क्लास लावायची गरज नाही. गणपतीत आरत्या म्हणताना लक्ष द्या. 'सुखकर्ता दुःखहर्ता' झाली की शंकराची 'लवथवती विक्राळा' सुरू होते, मग देवीची 'दुर्गे दुर्घट भारी'. देव बदलला, शब्द बदलले, पण टाळ्या वाजवणाऱ्याचा हात थांबत नाही आणि चालही बदलावी लागत नाही. तिन्ही आरत्यांची बांधणी सारखी आहे. ओळीची लांबी सारखी, थांबायची जागा सारखी, यमक जुळायची जागाही सारखी. त्यामुळं एक चाल आली की तिन्ही आरत्या येतात.

ओवीचं आणि अभंगाचंही तेच. साचा एकदा ठरलेला असला की त्यात लाखो ओव्या बसतात, आणि एकच अभंग चार चालींवर म्हणता येतो.

सिनेमाची चाल भजनात बसते त्याला आणखी एक कारण आहे. भजनाचा नेहमीचा ठेका आठ मात्रांचा. हिंदी-मराठी सिनेमातली बरीच गाणीही केरव्यात, म्हणजे आठ मात्रांतच बांधलेली असतात. ठेका जुळला की अर्धं काम झालं. मग फक्त श्वास घ्यायची जागा आणि यमक सांभाळायचं. शिवाय चाल लोकांच्या ओळखीची असली की मागं म्हणणाऱ्यांना शिकवावं लागत नाही, दुसऱ्याच ओळीला सगळा मांडव सूर धरतो. आपलं म्हणणं लोकांपर्यंत लवकर पोचवायचं असेल तर याच्याइतका सोपा रस्ता नाही. संतांपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांनी तो धरला.

नाथांचं भारूड आणि माजलगावच्या ओव्या

गोदावरीच्या पलीकडं पैठणला सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडं लिहिली. त्यासाठी नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशी दारोदार फिरणारी माणसं निवडली. त्यांची बोलायची-गायची ढब लोकांच्या कानात आधीच बसलेली होती. नाथांनी ती ढब तशीच ठेवून आत परमार्थ भरला. आजही भारुडाला माणूस जागा राहतो, ते या ओळखीमुळंच.

पुढं १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. मराठी संगीत नाटकाची खरी गाडी तिथून सुरू झाली. पण त्यातल्या पदांच्या चाली काही सगळ्या नव्या नव्हत्या. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीची चाल, कानडी गाण्यांच्या चाली असं त्यात बरंच काही होतं. अण्णासाहेब स्वतः बेळगाव भागातले, त्यामुळं कानडी गाणं त्यांच्या कानावरचं. पुढच्या काळात भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांनी मोठ्या मैफलीतल्या बंदिशींच्या चाली नाटकात आणल्या. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'ची पदं घरोघरी गेली, ती त्यामुळं. ज्यानं कधी मैफल ऐकली नव्हती त्याच्या तोंडी राग आले.

जुन्या नाटकांच्या पुस्तकांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' असं लिहून ती कोणत्या गाण्यावरून घेतली त्याचं नाव छापलेलं असायचं. यात्रेत मिळणाऱ्या भजनाच्या आणि भीमगीतांच्या छोट्या पुस्तिकांतही हीच रीत. कुणाची चाल घेतली हे लपवायचं कारणच नव्हतं. उलट ते नाव वाचूनच म्हणणाऱ्याला कळायचं, की हे कसं म्हणायचं.

सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तर तमाशाचा अख्खा साचाच उचलला. गण, गवळण, बतावणी तीच, पण आत शिक्षण, जातिभेद, अंधश्रद्धा असे विषय. बाबासाहेबांचा विचार ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंतही पोचला, त्यात या जलशांचा वाटा मोठा. पुढं कव्वालीच्या आणि सिनेमाच्या चालींवर भीमगीतं आली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कव्वाली आपल्या भागाला परकी नव्हतीच.

आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा दाखला माजलगावचा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या चमूनं १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. या ओव्या आता 'पारी' या संकेतस्थळावर मोबाईलवरही ऐकता येतात. चाल तीच, आईकडून लेकीकडं आलेली, जात्याच्या घरघरीची. पण त्यात विठ्ठल-रखुमाईच्या जागी बाबासाहेब आहेत, रमाई आहे. ज्या चालीत सासर-माहेराचं दुःख सांगितलं, त्याच चालीत या बायांनी आपला मान सांगितला. याला उसनवारी म्हणायचं की वारसा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गोव्याची होडी, पोलंडचं गाणं आणि एक टपालवाला

चालीला गावाची शीव नाही. १९७३ चा 'बॉबी' आठवा. त्यातलं 'ना मांगूँ सोना चांदी' हे लग्नाच्या वरातीत हमखास वाजणारं गाणं. त्यातला कोकणी तुकडा मूळ गोव्याच्या 'हांव साहिबा पलतडी वेतां' या गाण्यातून आला. नदीपलीकडच्या लग्नाला जायचंय, वाट दाखव, असं नाचणारी बाई नावाड्याला विनवते, असा त्याचा विषय. हे गाणं कार्लोस युजेनिओ फेरेरा या गोव्याच्या संगीतकाराचं. सिनेमानं ते देशभर नेलं, पण वरातीत नाचणाऱ्या किती जणांना फेरेरांचं नाव माहीत आहे?

'मधुमती' (१९५८) मधलं 'दिल तडप तडप के' पोलंडच्या एका लोकगीताच्या चालीवर आहे. संगीतकार सलील चौधरी. त्यांनीच १९६१ च्या 'छाया'मध्ये 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' बांधलं, ते मोझार्ट या युरोपातल्या संगीतकाराच्या अठराव्या शतकातल्या रचनेवरून. आपल्याला दोन्ही गाणी अस्सल देशी वाटतात, कारण सलीलदांनी त्यात आपला रंग भरला.

सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट बंगालची. रवींद्रनाथ टागोर जमीनदारीच्या कामानं शिलाईदह या गावी राहायचे. तिथं गगन हरकरा नावाचा टपाल वाटणारा माणूस बाउल गाणी म्हणायचा. त्याच्या एका गाण्याची चाल टागोरांच्या मनात बसली. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, तेव्हा टागोरांनी त्या चालीवर 'आमार शोनार बांगला' लिहिलं. तेच पुढं बांगलादेशाचं राष्ट्रगीत झालं. एका खेड्यातल्या टपालवाल्याच्या गळ्यातली चाल आज अख्खा देश उभं राहून म्हणतो. टागोरांनी गगनचं नाव दडवलं नाही, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं.

एका गाण्याचे तीन मालक

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. कायद्याच्या नजरेत गाणं ही एक वस्तू नसते. त्यात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिघांचे मालक वेगळे असू शकतात.

उदाहरण घ्या 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'चं. अभंग संत नामदेवांचा, शेकडो वर्षांपूर्वीचा. त्या शब्दांवर आज कुणाचाच मालकी हक्क नाही, कुणीही म्हणावेत. पण ज्या चालीवर तो घरोघरी ऐकला जातो ती चाल राम फाटक यांनी बांधलेली आहे. आणि पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ही तिसरी गोष्ट, तिचा हक्क निराळा. म्हणजे अभंग संतांचा असला तरी ती चाल आणि ती रेकॉर्ड फुकट झाली असं नाही. सप्त्याच्या व्हिडिओवर दावा येतो तो बहुतेक इथंच.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणं शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. एखादा संगीतकार १९७० ला वारला असेल तर त्याच्या चालीवरचा हक्क २०३० संपेपर्यंत. रेकॉर्डिंगचा हिशेब वेगळा. ते बाजारात आल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणून जुन्या गाण्याची रेकॉर्ड मोकळी झाली तरी त्याची चाल मोकळी झालेलीच असते असं नाही.

सिनेमाच्या गाण्यांचे हक्क बऱ्याचदा निर्मात्याकडं किंवा म्युझिक कंपनीकडं गेलेले असतात. तरी २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. चाल घेताना विचारलं नाही तर मोठ्यांनाही महागात पडतं. २००८ साली 'क्रेझी ४' सिनेमाच्या वेळी राम संपत या संगीतकारानं, आपण जाहिरातीसाठी केलेली धून गाण्यात वापरली म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं त्या गाण्यांसह सिनेमा दाखवायला मनाई केली आणि शेवटी २ कोटी रुपयांवर तडजोड झाली.

उलटंही होतं. वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे' गाणं घ्या. त्याची चाल अमेरिकेतल्या हिल नावाच्या दोन बहिणींच्या बालवाडीच्या गाण्याची, १८९३ मध्ये छापलेली. तरीही एक कंपनी सिनेमावाल्यांकडून त्याचे पैसे घेत राहिली. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला आणि पुढं १ कोटी ४० लाख डॉलर परत करायची तडजोड झाली. म्हणजे दावा आला की तो खराच असतो असंही नाही.

दावा आला तर घाबरायचं का?

यूट्यूबवर दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका.

*दावा (क्लेम) :* यूट्यूबची यंत्रणा व्हिडिओतला आवाज आपोआप तपासते. रेकॉर्डिंग जुळलं तर दावा येतो. नुसती चाल ओळखू आली तरी येऊ शकतो. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, पण जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडं जातात. कधी व्हिडिओ दिसणं बंद होतं. यानं चॅनलला धोका नसतो.

*स्ट्राइक :* हक्कदारानं कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक लागते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनल बंद होऊ शकतं. वर्षभर राबून उभं केलेलं चॅनल एका आठवड्यात जाऊ शकतं.

दावा चुकीचा वाटला तर हरकत घेता येते. गाणं पारंपरिक असेल, चाल लोकांची असेल, आवाज तुमचाच असेल तर तसं लिहून हरकत जरूर घ्या. पण चाल खरंच सिनेमाची असेल तर उगाच भांडू नका. व्हिडिओ काढावा किंवा पैशाचा नाद सोडून तसाच ठेवावा.

मांडवात गायलं तर? कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणायला किंवा वाजवायला सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नातले इतर सोहळेही त्यात धरलेत. म्हणजे सप्त्यात गवळण म्हणणं वेगळं आणि तिचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकणं वेगळं. मांडवातली सूट यूट्यूबवर चालेलच असं धरून बसू नका. उमेदवाराच्या प्रचारगीताला तर ही सूट नाहीच. सिनेमाच्या चालीवर गाणं करून देणाऱ्या पोरांनी पैसे घेण्याआधी परवानगी कोण काढणार, हे विचारून घ्यावं.

सिनेमाची चाल देवापुढं चालते का?

कायद्याच्या बाहेरचा एक वादही गावोगावी आहे. जुने वारकरी म्हणतात, अभंग पारंपरिक चालीतच म्हणावा. सिनेमाची चाल लागली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं विठ्ठल येत नाही, नटी येते. तरुण भजनी म्हणतात, चाल ओळखीची नसेल तर पोरं मांडवात बसतच नाहीत.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. नाथांनी लोकांच्या ओळखीचीच ढब घेतली, हे तरुणांच्या बाजूनं. पण नाथांनी ती घेतली तेव्हा वासुदेवाचा वासुदेव राहिला आणि भारूडही झालं. आज सिनेमाची चाल आली की गावची चाल मागं पडते. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, तसंच ओवीचं झालं. ज्या घरात जातं फिरत नाही तिथं लेकीला ओवी शिकवणार कोण? वीस-पंचवीस वर्षांमागं पहाटे ऐकू येणाऱ्या चाली आज काही मोजक्या म्हाताऱ्यांच्याच गळ्यात उरल्यात. त्या गेल्या की चाल गेली.

मग करायचं काय?

सगळ्यात सुरक्षित चाल ती, जिच्यावर कुणा एकाचा हक्क नाही. ओवी, भूपाळी, भारूड, वासुदेव, गोंधळ, पंचमीची गाणी, भोंडल्याची गाणी, पोतराजाची गाणी. या चाली लोकांच्या आहेत. तुम्ही स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वाद्यांवर म्हटलं तर हक्काच्या दाव्यापुढं तुमची बाजू भक्कम राहते. फक्त एक ध्यानात ठेवा. पारंपरिक गाण्याचं एखाद्या कंपनीनं नव्यानं केलेलं रेकॉर्डिंग किंवा त्याला लावलेलं नवं संगीत उचलू नका. ते त्यांचं आहे.

आणि व्हिडिओखाली माहिती लिहायची सवय लावा. चाल पारंपरिक आहे की कुणाची, कुणाकडून शिकली, कोणत्या गावात म्हणतात. सिनेमाची असेल तर सिनेमाचं आणि संगीतकाराचं नाव. नाव लिहिल्यानं परवानगी मिळत नाही, दावा टळत नाही. पण जुन्या पुस्तिकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' छापायचे तो प्रामाणिकपणा टिकतो, आणि फेरेरांसारखं कुणाचं नाव गाळात जात नाही.

दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या निघतील. गावात म्हातारी माणसं मागं राहतील. त्याआधी एक संध्याकाळ काढा. घरातल्या किंवा शेजारच्या आजीजवळ बसा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाईल तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आधी तिला विचारा, ती हो म्हणाली तरच. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर आणि ही चाल कुणाकडून आली ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. इंटरनेटवर टाकायचं की नाही तेही तिलाच ठरवू द्या. नाही टाकलं तरी दोन ठिकाणी जपून ठेवा, मोबाईल पडतो, हरवतो.